शाश्वत राहणीमान आणि उद्योजक : धार-देवासच्या अनुभवाचा आढावा

आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागण्याची शक्यता हिरावून घ्यायची नाही, ही १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने विकासाला घातलेली अट राहणीमानालाही लागू होते. पाणी, अन्न, कपडा, ऊर्जा आणि कचरा यांबाबतच्या ज्या सवयी दीर्घकाळ चालू ठेवल्या तरी निसर्गाचे मूळ भांडवल घटत नाही, त्या सवयींच्या समुच्चयाला शाश्वत राहणीमान म्हणता येते. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये नर्मदाकाठच्या केवडिया येथून 'मिशन लाइफ' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याचा मुख्य भर व्यक्तीच्या दैनंदिन वर्तनावर होता : वीज जपून वापरावी, पाणी वाया घालवू नये, एकदाच वापरून फेकायच्या वस्तू टाळाव्यात. हा उपदेश योग्यच आहे. पण ज्या कुटुंबाला बाजारात परवडणारा दुसरा पर्याय मिळत नाही आणि ज्या शेतकऱ्याच्या हाती बुडण्याची जोखीम पेलण्याइतका पैसा नाही, त्यांच्यापुढे उपदेश निरुपयोगी ठरतो. नेमक्या या ठिकाणी उद्योजकाचा विचार करावा लागतो. जोखीम पत्करून भांडवल, श्रम आणि ज्ञान एकत्र आणणारा, मग तो कारखानदार असो, शेतकरी असो, कारागीर असो वा बचत गटांतून उभी राहिलेली कंपनी असो, तो येथे उद्योजक मानला आहे.

या प्रश्नाची तपासणी करण्यास मध्य प्रदेशच्या माळवा भागातील धार आणि देवास हे दोन जिल्हे विशेष सोयीचे आहेत. पवार घराण्याच्या संस्थानांमुळे आणि त्यांच्याबरोबर माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमुळे ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. देवास तर कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे महाराष्ट्राच्या सांस्कृतिक नकाशावर कायमचे कोरले गेले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या भागाचे महत्त्व वेगळेच आहे. देवासची औद्योगिक वसाहत आणि धार जिल्ह्यातील पीथमपूरची वाहन-उद्योगनगरी यांच्या रूपाने आधुनिक उद्योग, माळव्याच्या काळ्या जमिनीवरील सोयाबीन-गव्हाची व्यापारी शेती, बागली आणि कुक्षीकडील आदिवासी पट्टा आणि बाघच्या छपाईसारखी जुनी कारागिरी हे सारे येथे शेजारी शेजारी नांदते. त्यामुळे उद्योजक राहणीमान घडवतो कसे आणि बिघडवतो कसे, हे दोन्ही या एकाच प्रदेशात पाहता येते.

पाण्याचा हिशेब

पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी माळव्याची जुनी ख्याती होती. कूपनलिका आणि विजेचा पंप यांनी ती पुसली. बँकेचे कर्ज, अनुदानित वीज, बोअर मारणारी यंत्रे आणि पंपांची सहज उपलब्धता यांमुळे जमिनीखालचे पाणी उपसणे ही एका पिढीच्या आत सर्वमान्य रीत बनली. पंप तयार करणारा किर्लोस्करांचा कारखाना तर देवास शहरातच आहे. पंप ही वस्तू मुळात वाईट नाही आणि तिने कष्ट वाचवले, हेही खरे. तथापि, परवडणारी, दुरुस्त करून मिळणारी आणि गावोगाव पोहोचलेली वस्तू एखाद्या समाजाची पाण्याशी वागण्याची पद्धत किती झपाट्याने बदलू शकते, याचे ते ठळक उदाहरण आहे. त्याच काळात देवास शहरातील तलाव बुजवून त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले. परिणामी एप्रिल १९९० मध्ये शहराची तहान भागवण्यासाठी इंदूरहून रेल्वेगाडीने पाणी आणण्याची वेळ आली. पर्यावरणविषयक लेखक अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ च्या पुस्तकात या प्रसंगाची नोंद केली आहे.

ही दिशा बदलण्याचा सर्वांत परिणामकारक प्रयत्न २००६ पासून देवास जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला. तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या मोहिमेत, पाणी वाचवणे हे पुण्यकर्म आहे असे सांगण्याऐवजी पाणी वाचवणे हा फायद्याचा व्यवहार आहे, अशी मांडणी शेतकऱ्यांपुढे केली गेली. टोंकखुर्द तालुक्यातील धतुरिया, गोरवा यांसारख्या गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा सुमारे दहावा ते विसावा भाग सोडून तेथे तळी खोदली. हा निर्णय कागदावर सोपा दिसतो; प्रत्यक्षात पिकाखालची काळी जमीन स्वतःच्या हाताने पाण्याखाली घालायची, यंत्राचे भाडे आणि डिझेलचा खर्च सोसायचा आणि पाऊस पुरेसा पडेल यावर भरवसा ठेवायचा, असे त्याचे स्वरूप होते. उलट बाजूचा हिशेब असा की, पाचशे-सातशे फूट खोल गेलेली बोअर कोरडी निघाली तर त्यात घातलेले सगळे पैसे बुडतात, जळालेली मोटर वर काढून दुरुस्त करावी लागते आणि ऐन रब्बीत वीज हवी तेव्हा मिळत नाही. तळ्याचा खर्च मात्र गहू-हरभऱ्याच्या थोड्याच हंगामांत वसूल होतो. हा हिशेब शेजाऱ्याच्या बांधावर डोळ्यांनी पाहता येऊ लागल्यावर तळ्यांची संख्या काही हजारांवर गेली आणि राज्य शासनाने 'बलराम ताल' या नावाची अनुदान योजना सुरू केली.

या मोहिमेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, येथे खरा उद्योजक शेतकरी स्वतः होता आणि प्रशासनाचे काम त्याला हिशेब दाखवून देण्याचे व बँकेच्या दारापर्यंत नेण्याचे होते. दुसरा निष्कर्ष मर्यादेचा आहे. पाण्याचा मोठा उपसा करणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांपासून सुरुवात करणे व्यवहार्य होते, पण दोन एकरांच्या धन्याला जमिनीचा तुकडा सोडणे परवडत नाही आणि भूमिहीनाला तर या व्यवहारात जागाच नाही. शिवाय, हाती आलेले पाणी अधिक पाणी खाणाऱ्या पिकाकडे वळले, तर बचत पुन्हा उपशातच जिरते. कार्यक्षमता वाढल्याने एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, हा 'पुनरुसळीचा परिणाम' इंग्लंडमधील कोळशाच्या संदर्भात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिला होता. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी पावसाऐवजी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जाऊ लागली, तेव्हा हाच धडा पुन्हा मिळाला : तळे भूजल वाचवते की ते उचलून उन्हात वाळत ठेवते, हे तळ्यावर ठरत नाही, ते गावाने पाळलेल्या नियमावर ठरते.

कीडनाशकाविना धान्य

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या बागली भागात, १९९० मध्ये 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था सुरू झाली. पाणलोट विकास, म्हणजे डोंगरउतारावरून वाहून जाणारे पाणी आणि माती ठिकठिकाणी अडवण्याचे काम, हा तिचा पाया होता. पुढे महिला बचत गट आणि त्यांच्यातून २०१२ मध्ये 'राम रहीम प्रगती प्रोड्युसर कंपनी' उभी राहिली. उत्पादक कंपनी म्हणजे जिचे भागधारक माल विकणारे शेतकरीच असतात अशी कंपनी. तिला सहकारी संस्थेचे तत्त्व आणि कंपनीची व्यवहारक्षमता दोन्ही साधायची असतात. येथे भागधारक प्रामुख्याने आदिवासी आणि गरीब शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया आहेत.

या भागात रुजवण्यात आलेल्या 'बिगर-कीडनाशक' शेतीत रासायनिक कीडनाशक पूर्णपणे वर्ज्य असते. त्याऐवजी निंबोळी अर्क, गोमूत्राचे मिश्रण, किडीच्या नराला आकर्षून पकडणारे कामगंध सापळे आणि पक्ष्यांना बसण्यासाठी शेतात रोवलेल्या काठ्या यांवर भिस्त असते. संपूर्ण सेंद्रिय शेतीपेक्षा ही पायरी सोपी आहे, कारण उत्पन्न एकदम घटण्याची भीती तुलनेने कमी असते. तरीही शेतकरी एकट्याच्या बळावर ही पायरी चढत नाही. फवारणी न केलेली तूर आणि फवारलेली तूर बाजार समितीत एकाच ढिगात पडतात आणि एकाच भावाने जातात. म्हणून चांगल्या सवयीचे मोल मिळण्यासाठी तो ढीग वेगळा ठेवणारे, गावाजवळ प्रामाणिक वजन करणारे, माल निवडून प्रतवारी लावणारे आणि दूरच्या ग्राहकापर्यंत नेणारे कोणीतरी लागते. उत्पादक कंपनी पहिली कामे करते आणि २००९ पासून 'सेफ हार्वेस्ट' या कंपनीसारखे विक्रेते कीडनाशकविरहित धान्य-डाळी शहरी ग्राहकांपर्यंत पोहोचवतात. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला हे धान्य कोणी पिकवले हे माहीत नसते. त्याचा विश्वास प्रयोगशाळेतील तपासणीवर आणि विक्रेत्याच्या नावावर असतो. म्हणजेच या व्यवसायात खरोखर विकली जाणारी वस्तू विश्वास ही आहे आणि तो एकदा तुटला तर गावातील शेकडो कुटुंबांची बदललेली सवयही त्याच्याबरोबर तुटते.

याच परिसरात 'कुंबाया' नावाचा शिवणकामाचा उपक्रम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. कापडाचे उरलेले तुकडे जोडून गोधड्या आणि वस्त्रे तयार करण्यापासून त्याची सुरुवात झाली आणि शिवण शिकलेल्या ग्रामीण स्त्रिया, त्यांत अपंग स्त्रियाही, त्यावर उपजीविका करू लागल्या. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारे मराठी घर ही काटकसर पिढ्यान्‌पिढ्या करत आलेच आहे. उद्योजकतेने तीत भर घातली ती मापाची, नियमिततेची आणि दूरच्या बाजारपेठेची. घरातील काटकसर आणि बाजारातील मागणी यांची अशी सांगड घालता येणे हे लहान उद्योगाचे मोठे सामर्थ्य आहे.

रंग, कापूस आणि कापड

धार जिल्ह्यातील बाघ हे गाव गुंफांमुळे जसे प्रसिद्ध आहे तसे ठशांच्या छपाईमुळेही आहे. सिंधमधून राजस्थानमार्गे आलेल्या खत्री समाजाच्या कारागिरांनी ही कला येथे वाढवली. स्वस्त रासायनिक रंगांनी ती झाकोळली जात असताना इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी वनस्पतिजन्य आणि खनिज रंगांची पद्धत सोडली नाही. बाघ छपाईला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, प्राप्त झाले. या कामाची रीत पाहिली तर वेळ हाच त्यातील मुख्य घटक असल्याचे लक्षात येते. कोरे कापड शेळ्यांच्या लेंड्या, एरंडेल तेल आणि खार यांच्या मिश्रणात मुरवून वाळवले जाते, हिरड्याच्या पाण्यात पिवळसर केले जाते. मग लाकडी ठशांनी गंजलेल्या लोखंडापासून काळा आणि तुरटीच्या लगद्याने लाल रंगाचा भाग छापला जातो. छापलेले कापड काही दिवस मुरल्यावर वाहत्या पाण्यात धुतले जाते आणि शेवटी तांब्याच्या कढईत अ‍ॅलिझरीन या लाल रंगद्रव्याबरोबर आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळले जाते, तेव्हा कुठे तुरटीच्या जागी लाल रंग खुलतो.

येथेही गुणदोष दोन्ही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. पूर्वी मुळांपासून मिळणारे हे अ‍ॅलिझरीन आता सर्वत्र प्रामुख्याने कारखान्यात तयार होते, धुण्यासाठी भरपूर वाहते पाणी लागते आणि भट्टीला लाकूड लागते. म्हणून केवळ 'नैसर्गिक' हा शब्द वस्तूवर छापल्याने ती शाश्वत ठरत नाही. परंतु असा कपडा महाग असल्याने तो वर्षानुवर्षे जपून वापरला जातो आणि कमी पण टिकाऊ वस्त्रे बाळगण्याची सवय ग्राहकाला लागते. शाश्वत राहणीमानाला कारागीर उद्योजकाची ही खरी देणगी आहे.

कारागिरीच्या प्रमाणावर साऱ्या देशाला कपडा पुरवता येणार नाही, म्हणून गिरणीचा विचार टाळता येत नाही. पीथमपूरच्या 'प्रतिभा सिंटेक्स' या कापड उद्योगाने सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांशी थेट जोडणी करून सूत ते तयार कपडा अशी साखळी एका छत्राखाली आणली आहे. मध्य प्रदेश हे भारतातील सेंद्रिय कापसाचे प्रमुख राज्य असल्याने या साखळीला स्वाभाविक आधार मिळतो. मात्र सेंद्रिय प्रमाणपत्रांच्या विश्वासार्हतेवर देशभरात वेळोवेळी प्रश्नचिन्हे लागली आहेत आणि प्रामाणिक शेतकऱ्याचे नुकसान त्यात सर्वांत जास्त होते. धार जिल्ह्यातच बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे केंद्र सरकारच्या 'पीएम मित्र' योजनेतील मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. या उद्यानातील रंगाईचे सांडपाणी कसे शुद्ध होते, किती पाणी पुन्हा वापरले जाते आणि आसपासच्या गावांना त्याची आकडेवारी खुलेपणाने मिळते की नाही, यावर हा प्रकल्प पुढील पिढ्यांना उपकारक ठरतो की अपकारक, हे ठरेल.

वस्तूच्या शेवटाची जबाबदारी

वस्तू तयार करणे आणि विकणे येथे उद्योजकाचे काम संपते, ही समजूत किती महाग पडते, हे पीथमपूरने अलीकडेच अनुभवले. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेतील युनियन कार्बाइडच्या कीडनाशक कारखान्यात चार दशके पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरच्या धोकादायक कचरा-प्रक्रिया केंद्रात आणला गेला. स्थानिक लोकांनी तीव्र विरोध केला. अखेर न्यायालयाच्या देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो जाळण्याचे काम पूर्ण झाले. एकीकडे बागलीच्या स्त्रिया कीडनाशकाविना धान्य पिकवत असताना दुसरीकडे धार जिल्ह्यात कीडनाशक कारखान्याचा वारसा जाळावा लागतो, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. ज्या वस्तूच्या किमतीत तिच्या शेवटाचा खर्च धरलेला नसतो, तो खर्च कधीतरी, कुठेतरी आणि बहुधा ज्यांचा त्या वस्तूशी काही संबंध नव्हता अशांकडून वसूल होतो. उत्पादकाने आपल्या मालाच्या टाकाऊ अवस्थेपर्यंत उत्तरदायी राहावे, या तत्त्वाला 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' म्हणतात; प्लास्टिक वेष्टने, बॅटऱ्या आणि विद्युत उपकरणे यांच्याबाबत भारतात ते नियमांत आले आहे, पण त्याची अंमलबजावणी उद्योजकाच्या नीतीशिवाय पुरी होत नाही.

ऊर्जेच्या क्षेत्राचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातील सुरुवातीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अशा गुंतवणुकीने विजेचा स्रोत बदलतो, पण वीज वापरणाऱ्याची सवय बदलत नाही. म्हणून ती आवश्यक असली तरी राहणीमानाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हे.

उद्योजकाचे सामर्थ्य आणि सीमा

या अनुभवांचा एकत्रित विचार केला असता, उद्योजक शाश्वत राहणीमानास चार प्रकारे चालना देऊ शकतो असे दिसते. नव्या सवयीची जोखीम तो स्वतःकडे घेतो किंवा वाटून घेतो. चांगला पर्याय तो जवळ, वेळेवर आणि दुरुस्तीच्या सोयीसह उपलब्ध करून देतो. न दिसणारा गुण, उदाहरणार्थ धान्यातील विषाचा अभाव, तो तपासून विश्वासार्ह करतो. आणि वस्तूच्या अखेरीची काळजी वाहतो. यांपैकी एकही काम जाहिरातीने होत नाही. पर्यावरणाची भाषा केवळ वेष्टनावर वापरून व्यवहार जुनाच चालू ठेवणे ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच, शिवाय खऱ्या प्रयत्नांविषयीचा विश्वास ती पोखरते, म्हणून ती अधिक घातक आहे.

दुसऱ्या बाजूने, नफ्याचे गणित जेथे जुळते तेथेच बाजार जातो, ही मर्यादा नाकारता येत नाही. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ च्या सुमारास मांडलेल्या 'शाश्वततेच्या अर्थशास्त्रा'त निसर्गाच्या चक्रात बसणारे उत्पादन आणि त्याचे भांडवल ओरबाडणारे उत्पादन यांत जो भेद केला, तो आजही निकष म्हणून उपयोगी पडतो. भूजल, नदी आणि हवा या सामायिक संपत्ती आहेत; तेथे एकाची काटकसर दुसऱ्याच्या उधळपट्टीने निष्फळ होते. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात उभारलेल्या पाणी पंचायतीने याचे उत्तर दाखवून ठेवले आहे. तेथे पाणी जमिनीच्या मालकीनुसार न वाटता घरातील माणसांच्या संख्येनुसार वाटले गेले, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी ठरले, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि ऊस वर्ज्य केला गेला. साळुंखे यांनी कारखान्यातील नियोजनाची शिस्त पाण्याला लावली, पण पाण्याला विक्रीची वस्तू केले नाही. देवासच्या तळ्यांना या नियमाची जोड मिळाली असती, तर लहान शेतकरी आणि मजूर यांनाही त्या यशात वाटा मिळाला असता.

निष्कर्ष

उद्योजकांवर शाश्वत राहणीमानाची सारी भिस्त ठेवणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना या प्रश्नातून वगळणे चुकीचे आहे. सवय बदलण्याचा पहिला खर्च कोण सोसतो, यावर ती सवय टिकते की नाही हे अवलंबून असते. आतापर्यंत हा खर्च बहुधा शेतकरी, कारागीर आणि गरीब ग्राहक यांच्यावर टाकला गेला. तो उचलून धरण्याची तयारी दाखवणाऱ्या उद्योगालाच शाश्वत म्हणवून घेण्याचा अधिकार आहे. त्यासाठी शासनाने नव्या उद्योगाला जमीन आणि सवलत देण्यापूर्वी त्याच्या पाण्याचा स्रोत, सांडपाण्याची वाट आणि वस्तूच्या शेवटाची तजवीज यांचा हिशेब जाहीरपणे मागावा. बँकांनी बोअरसाठी जेवढ्या सहजतेने कर्ज दिले तेवढ्याच सहजतेने तळ्यासाठी आणि उत्पादक कंपनीसाठी द्यावे. आणि ग्राहकांनी, विशेषतः इंदूर, पुणे, मुंबईच्या सुस्थित मराठी कुटुंबांनी, बागलीच्या डाळीला आणि बाघच्या कापडाला घासाघीस न करता रास्त दाम द्यावा. पाणी जपणाऱ्या शेतकऱ्याला, विष न फवारणाऱ्या शेतकरणीला आणि रंगाचे पाणी शुद्ध करून सोडणाऱ्या कारखानदाराला जोपर्यंत आपल्या चांगुलपणाचा दंड भरावा लागतो, तोपर्यंत शाश्वत राहणीमान हे भाषणातच राहील. तो दंड रद्द करणे हेच या काळातील उद्योजकतेचे सर्वांत निकडीचे काम आहे.